मयत रजिस्टरातली पणजी: १९१३ की १९१८?

आमच्या अण्णांची, म्हणजे माझ्या आजोबांची आई ते लहान असतानाच गेली आणि त्यांना सावत्र आईने वाढवलं, एवढं आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. ती कधी गेली, कशाने गेली, तिचं नाव काय होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. हे प्रश्न आम्हाला पडले ते एक चुकीचं उत्तर हाती आल्यानंतर.

२०२३ च्या शेवटी राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचं काम चालू होतं, तहसील कचेऱ्यांमधली जुनी दप्तरं उघडली जात होती, आणि बऱ्याच जिल्ह्यांनी जुन्या पानांचे स्कॅन आपापल्या संकेतस्थळांवर ठेवले. माझा चुलतभाऊ आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावची पानं रात्री जागून चाळत होता. एका रात्री दीड वाजता त्याचा मेसेज आला: ‘सापडली. अण्णांची आई. १९१३.’

त्याला जातीचा रकाना हवा होता, तो मिळाला. वंशावळ मी लिहीत असल्यामुळे त्या चौकटीत मी नाव आणि मृत्यूचं साल भरलं आणि आत्याला फोनवर वाचून दाखवलं. आत्या ऐंशीच्या पुढची, अण्णांची थोरली लेक. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “तेराला कशी गेली असेल गं? अण्णा सोळाचे.”

पुढचे आठ-नऊ महिने मी या एका वाक्याचा पाठपुरावा केला. जुन्या मयत नोंदी चाळताना आणखी कुणाला उपयोग व्हावा म्हणून तो सगळा इथे लिहिते आहे. नावं घरातली असल्यामुळे दिलेली नाहीत.

पहिली नोंद

ज्या वहीत ही नोंद होती तिला सगळे कोतवाल बुक म्हणतात. महसुली भाषेत ती गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. गावात कुणी जन्मलं किंवा गेलं की ती खबर कोतवालाकरवी पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरात यायची आणि वहीत चढायची. गावाचा आकडा तालुक्याला जायचा, तिथून जिल्ह्याला आणि शेवटी मुंबई इलाख्याच्या सॅनिटरी कमिशनरच्या वार्षिक अहवालात. वही याच कामासाठी होती. सरकारला आपल्या पणजीशी काही देणंघेणं नव्हतं. किती माणसं मेली आणि त्यांत पटकीने किती, देवीने किती, एवढं त्याला हवं होतं. नोंद वाचताना ही गोष्ट मनात धरली की पुढचे बरेच घोळ टळतात.

पान मोडीत होतं. आधी आडवी रेघ मारून तिला अक्षरं टांगलेली, शब्द एकमेकांना चिकटलेले, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही. दोन वर्षांपूर्वी मी मोडीचा वर्ग केला होता, तरी ती एक ओळ लावायला मला अर्धा दिवस लागला. ओळ अशी होती: बाईचं नाव, मग ‘कोम’, मग आमच्या पणजोबांचं नाव आणि आडनाव. वय २०. कारणाच्या रकान्यात ‘बाळंत’.

‘कोम’ शब्दाला पुष्कळ जण अडखळतात. भावाने तो ‘कौम’ वाचला होता आणि त्याला वाटलं होतं की पुढे जात लिहिली आहे. जुन्या कागदांत ‘अमकी कोम तमका’ म्हणजे तमक्याची बायको. ‘अमकी मर्द तमका’ असंही लिहीत, त्याचा अर्थ तोच. ‘बिन’ आलं तर मुलगा. पुरुषाची नोंद बापाच्या नावाने आणि बाईची नवऱ्याच्या नावाने लागायची, त्यामुळे एखाद्या पुरुषाला दोन बायका असतील तर कागदावर त्या दोघी जवळजवळ एकसारख्या दिसतात.

ओळ बरोबर वाचली होती. पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, सगळं जुळत होतं. पणजोबांची बायको १९१३ मध्ये बाळंतपणात गेली, यात शंका नव्हती. फक्त ती अण्णांची आई होती, असं त्या नोंदीत कुठेही म्हटलेलं नव्हतं. ते आम्ही आमच्या मनाने जोडलं होतं.

दोन शक्यता

अण्णांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९१६ आहे. त्या पिढीच्या निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जून असते हे मराठी माणसाला सांगायला नको. मास्तरांनी पोराला समोर उभं करायचं, अंदाजाने वय धरायचं आणि शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख टाकायची. तेव्हा हा दाखला पुरावा म्हणून फार ताणता येत नाही.

भावाने नेमकं इथेच बोट ठेवलं. “साल पण अंदाजाचंच असेल. अण्णा तेराचेच असतील. आई बाळंतपणात गेली, म्हणजे अण्णांच्याच बाळंतपणात गेली.” त्याचं म्हणणं मोडीत काढण्यासारखं नव्हतं. गावाकडे मुलं आठ-नऊ वर्षांची होऊन शाळेत जायची आणि दाखल्यावर सहा लागायची. तीन वर्षांची चूक काहीच नाही.

दुसरी शक्यता अशी की तेरा साली गेलेली बाई पणजोबांची आधीची बायको, जिच्याबद्दल घरात काहीच उरलेलं नाही. अण्णांची आई त्यानंतर आली. मग सावत्र आई तिसरी.

सरकारी नोंद आणि घरची आठवण यांत विरोध आला की बहुतेक जण एकदम नोंदीच्या बाजूने जातात, कारण ती छापील रकान्यात आहे आणि तिच्यावर शिक्का आहे. मीही गेले होते. पण आत्याची आठवण मोघम नव्हती. अण्णांनी तिला स्वतः सांगितलेलं होतं: आई गेली ती मामांच्या गावी, आणि आपल्याला तिथून चुलत्याने खांद्यावर बसवून आणलं. ओल्या बाळंतिणीचं बाळ कुणी खांद्यावर बसवून आणत नाही. अर्थात अण्णांनाही हे कुणीतरी सांगितलेलंच असणार, एवढ्या लहानपणचं कुणाला आठवत नाही. तरीही खांदा ही गोष्ट मला सोडवेना.

दोन टाक

दिवाळीनंतर मी आत्याकडे चार दिवस राहायला गेले. वही-पेन घेऊन बसले की ती सावध बोलायची, म्हणून पहिले दोन दिवस नुसत्या गप्पा मारल्या. तिसऱ्या दिवशी देवघर पुसताना ती आपल्या सावत्र आजीबद्दल बोलू लागली. ही आजी तिला चांगली आठवते. “गळ्यात दोन टाक असायचे तिच्या. चांदीचे, नखाएवढे. अविधवा नवमीला काढायची, दुधाने धुवायची, नैवेद्य दाखवायची आणि परत घालायची.”

मी विचारलं, “दोन?”

“दोन. आम्हाला वाटायचं एक सवतीचा आणि एक देवीचा.”

ज्या घरांत ही रीत होती तिथे दुसरेपणावर आलेली बायको आधी गेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालायची, नाहीतर देवघरात पुजायची. देवीचा टाक असता तर तो अविधवा नवमीला धुतला नसता. भाद्रपद वद्य नवमी ही नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णींची तिथी. त्या दिवशी दोन टाकांना दूध आणि नैवेद्य मिळत होता, याचा अर्थ सावत्र आजीच्या आधी या घरात दोघी येऊन गेल्या होत्या.

ते टाक आता कुणाकडे आहेत हे कळलं नाही. आत्याने मला आपल्या अंगठ्याचं नख दाखवलं आणि त्यावर दुसऱ्या बोटाने एक बाई काढून दाखवली, पदर आणि हात तेवढे. मोडलेल्या कडीला दोरा बांधलेला असायचा, म्हणाली.

निघताना मी तिला अण्णांच्या आईचं नाव परत विचारलं. ती म्हणाली की लहानपणी दोन नावं कानावर आली होती, त्यांतलं खरं कुठलं ते माहीत नाही. त्यांतलं एक नाव १९१३ च्या नोंदीतलं होतं.

कुठल्या गावची वही?

इथपर्यंत आम्ही आमच्याच गावच्या वह्या बघत होतो. १९१४ ते १९२२ पर्यंतची मिळतील तेवढी पानं पाहून झाली, पणजोबांच्या दुसऱ्या कुठल्या बायकोची मयत नोंद नव्हती. नोंद नाही म्हणून माणूस गेलं नाही असं होत नाही, हे मला कळत होतं. तरी ‘मामांच्या गावी गेली’ हे शब्द कानावर असताना मी चार महिने सासरची वही उलटत राहिले, याचं आजही वाईट वाटतं.

मृत्यू जिथे होतो तिथे नोंदला जातो. माणूस कुठला, यावर ते ठरत नाही. तेव्हाही असंच होतं आणि आजही आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा, महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला, आणि त्यातही नोंद घटनेच्या ठिकाणच्या निबंधकाकडेच होते. आमचे अण्णा शहरातल्या दवाखान्यात गेले, त्यांचा दाखला त्या शहराच्या पालिकेचा आहे. उद्या कुणी आमच्या ग्रामपंचायतीत शोधायला गेलं तर ते तिथे सापडणार नाहीत. बायकांच्या बाबतीत हे आणखीच महत्त्वाचं. बाळंतपणाला माहेरी जायची रीत, आजारी सुनेला माहेरी पोचवायची रीत, आणि बाळंतपण हेच तेव्हा मरणाचं एक मोठं कारण. शंभर वर्षांपूर्वीची पणजी सासरच्या वहीत मिळाली नाही, तर आधी माहेरच्या वहीत बघावं.

आमच्या नशिबाने मामांचं गाव माहीत होतं. आत्या लहानपणी तिथे लग्नांना गेलेली. ते गाव पुणे जिल्ह्यात, म्हणजे दुसरा जिल्हा, दुसरी तहसील. भोर, फलटण, औंध यांसारख्या संस्थानांच्या हद्दीत ते असतं तर दप्तराचा माग आणखी लांबला असता. ही संस्थानं १९४८ मध्ये विलीन झाली आणि त्यांचे कागद वेगळ्या वाटांनी आले. आमचं काम तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करण्यावर भागलं. साल आणि गाव नेमकं लिहिलं तर दप्तर काढून मिळतं. ‘सगळ्या जुन्या नोंदी’ असं लिहिलं की अर्ज पडून राहतो, हे एका कारकुनाने मला आपणहून समजावून सांगितलं. मी १९१६ ते १९१९ अशी चार वर्षं मागितली.

आधी जन्माची बाजू पाहिली. १९१६ च्या ऑगस्टात एक मुलगा, बापाच्या रकान्यात आमचे पणजोबा आणि आमच्या गावाचं नाव. त्या ओळीवर बोट ठेवून मी बराच वेळ बसून होते. दाखल्यावरचं साल खरं निघालं, दिवस तेवढा मास्तरांचा. १९१३ च्या बाईपोटी अण्णा जन्मले ही शक्यता इथे संपली.

ऑक्टोबर १९१८

मग मयतांची बाजू उघडली. १९१६, १९१७ ही वर्षं दोन-दोन पानांत आटोपलेली. १९१८ चा सप्टेंबर एका पानाच्या आत. त्यानंतर ऑक्टोबर सुरू होतो आणि पानामागून पान फक्त ऑक्टोबरच चालतो.

आधीच्या पानांवरचं अक्षर सुबक, रकाने पाळलेले, ओळीओळीत सारखं अंतर. ऑक्टोबरात तेच अक्षर दाटत जातं. कारणाच्या रकान्यात पहिल्या ओळीला ‘ताप’ लिहिलं आहे, खाली नुसती ‘सदर’ची खूण. पुढच्या पानावर पुन्हा एकदा ‘ताप’ आणि खाली खुणा. एका ठिकाणी अक्षर मधूनच बदलतं. दुसऱ्या हाताने पाऊण पान लिहिलं आहे, कच्च्या, गिरवल्यासारख्या अक्षरांत, आणि मग पहिला हात परत येतो. लिहिणारा स्वतः आजारी पडला असेल आणि उठून परत बसला असेल, असं मला वाटतं. याला पुरावा नाही, फक्त ते अक्षर आहे.

१९१८ चा इन्फ्लुएंझा जूनमध्ये मुंबईत आला. ती पहिली लाट सौम्य होती. दुसरी सप्टेंबरात उठली. मुंबई शहरात ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ माणसं गेली. मग ती रेल्वेने आणि रस्त्यांनी दख्खनभर पसरली. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महाग, अंगात ताकद नाही. मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसं दगावली. १९११ ते १९२१ हे एकच दशक असं आहे की ज्यात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

मात्र वहीत इन्फ्लुएंझा हा शब्द कुठेही नाही. सरकारी वर्गवारीत पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, अपघात आणि ‘इतर’ एवढीच खाती होती. नव्या आजाराला खातं नव्हतं. गावातल्या माणसाने अंगाला हात लावून पाहिलं, ताप होता, म्हणून ताप लिहिला. १९१८ च्या साथीत किती माणसं गेली याचा अंदाज अभ्यासकांनी पुढे बांधला तोही याच मार्गाने: ‘ताप’ आणि ‘श्वसन’ या खात्यांचे आकडे नेहमीच्या वर्षांपेक्षा किती फुगले ते मोजून. तेव्हा एकट्या ओळीत ‘ताप’ वाचून आजार ओळखू नये. तो शब्द हिवतापालाही लिहिलेला आहे, विषमज्वरालाही, बाळंतरोगालाही. आजूबाजूची पानं पाहावीत, मागची-पुढची दोन वर्षं पाहावीत. तीच ओळ १९१५ च्या मार्चात असती तर मी काहीच म्हटलं नसतं. ऑक्टोबर १९१८ च्या आठव्या पानावर ती असल्यावर गोष्ट वेगळी होते.

आमच्या घरात या मरणाबद्दल दोन शब्द होते. वडील सांगायचे, ‘प्लेगात गेली’. आत्या म्हणायची, ‘मानमोडीत गेली’. मी दोन्ही एकच धरत होते. प्लेग १८९६ ला मुंबईत आला, पुढची वीसेक वर्षं तो गावोगाव फिरत राहिला, आणि गावं सोडून माळावर झोपड्यांत राहिल्याच्या गोष्टी आमच्याकडेही आहेत. पुढच्या पिढीने सगळ्याच साथींना प्लेग हे एक नाव देऊन टाकलं. मानमोडी मात्र जुन्या माणसांनी या तापालाच दिलेलं नाव. आत्याच्या तोंडचा शब्द अण्णांकडून आलेला आणि सरकारी रकान्यापेक्षा नेमका. घरात असा एखादा जुना शब्द ऐकू आला तर तो लगेच आजच्या शब्दात बदलून लिहू नये, तसाच उतरवून ठेवावा.

आठव्या पानावरच्या दोन ओळी

आठवं पान पहिल्या वाचनात माझ्या नजरेखालून निसटलं. मी पणजोबांचं नाव शोधत होते, ‘कोम’ शोधत होते. ते तिथे नव्हतंच.

दुसऱ्यांदा वाचताना पणजोबांचं नाव दिसलं ते पानाच्या तळाशी, एका वेगळ्याच ओळीत: ‘मुलगी, नाव नाही, वय ३ दिवस’, बाप म्हणून आमचे पणजोबा, राहणार आमचं गाव. कारणाच्या रकान्यात वरपासून आलेली तीच खूण.

अण्णांना बहीण होती हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आत्यालाही नाही, बहुधा अण्णांनाही नाही.

तिथून मी वरच्या ओळी एकेक करून पुन्हा लावल्या. बाळाच्या वर दोन ओळी सोडून एक बाई होती, वय २५. तिच्या नावापुढे नवऱ्याचं नाव नाही, बापाचं आहे, आणि तो बाप म्हणजे अण्णांच्या मामांचे वडील. मामांच्या घरची वंशावळ मी आधीच उतरवून घेतली होती म्हणून तो ओळखता आला. बाईचं नाव आत्याने ऐकलेल्या दोन नावांपैकी दुसरं.

लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर यात काही वावगं नाही. त्या गावात ती कुणाची सून नव्हती, लेक होती. कोतवालाने खबर आणली ती अमक्याची लेक गेली अशीच आणणार. नावही माहेरचं, ज्या नावाने गाव तिला ओळखत होतं ते. लग्नात बदललेलं नाव तिथल्या कुणाच्या तोंडात असायचं कारण नव्हतं. बाळाचा बाप मात्र दुसऱ्या गावचा, म्हणून त्याचं नाव आणि गाव पूर्ण लिहिलं. त्या तीन दिवसांच्या मुलीची ओळ नसती तर तिच्या आईची ओळ आम्हाला कधीच ओळखता आली नसती.

मुलीच्या जन्माची नोंद त्या वहीत नाही. जन्मून लगेच गेलेल्या मुलांची पुष्कळदा मयत नोंद तेवढी असते. त्या ऑक्टोबरात तर जन्म लिहायला सवड कुणाला होती, दोन-अडीच आठवडे जन्माची बाजू जवळजवळ कोरी आहे. हा ताप म्हाताऱ्यांपेक्षा भर तारुण्यातल्या माणसांना जास्त धरत होता आणि गरोदर बायकांना, ओल्या बाळंतिणींना तर फारच. वहीतली आई आणि मूल या जोडीचं कारण मला तरी यापेक्षा वेगळं वाटत नाही. ती बाळंतपणामुळे गेली की तापामुळे, हे त्या एका खुणेवरून सांगता येणार नाही.

वयाबद्दल एवढंच, की २५ हा आकडा मी जन्मसाल काढायला वापरला नाही. त्या वहीत मोठ्या माणसांची वयं २०, २५, ३०, ४०, ५० अशीच आहेत. २३ किंवा ३७ मला एकदाही दिसलं नाही. पंचवीस म्हणजे ‘तरुण होती’, इतकंच.

तारीख

ओळीसमोर २१ ऑक्टोबर आहे. बाळासमोरही तीच. मी सरळ ती तारीख लिहून मोकळी होणार होते, तेवढ्यात पानावर एक गोष्ट लक्षात आली. लागोपाठ आठ ओळींना १७ तारीख, त्यानंतर लागोपाठ अकरा ओळींना २१. मधल्या तीन तारखांना एकही मयत नाही. साथ ऐन भरात असताना तीन दिवस कुणी गेलंच नाही असं होणार नाही. खबर गठ्ठ्याने येत होती आणि ज्या दिवशी लिहिली ती तारीख सगळ्यांना लागली. म्हणजे २१ ऑक्टोबर हा लिहिण्याचा दिवस. ती गेली १७ च्या सुमारापासून २१ पर्यंत केव्हातरी. आई आणि मूल एकाच दिवशी गेली असंही त्यावरून म्हणता येत नाही.

अण्णांनी आत्याला सांगितलं होतं, ‘दसरा झाला होता, दिवाळी व्हायची होती.’ शके १८४० मध्ये दसरा ऑक्टोबरच्या मध्यावर आला आणि लक्ष्मीपूजन नोव्हेंबरच्या सुरुवातीला. १७ ते २१ हे दिवस बरोबर कोजागरीच्या अलीकडे-पलीकडे पडतात. इथे घरची आठवण आणि वही हातात हात घालून उभ्या राहिल्या, आणि मग खांद्यावर बसवून आणलेल्या सव्वादोन वर्षांच्या पोराबद्दल मला शंका उरली नाही.

एक प्रश्न तेवढा सुटलेला नाही. तेरा साली गेलेली पहिली बायको याच घरची थोरली लेक असेल का? थोरली गेल्यावर धाकटी द्यायची रीत होतीच. तिच्या नोंदीत बापाचं नाव नाही, आणि तिच्या लग्नाचा कुठलाही कागद आमच्याकडे नाही. मामांच्या घरच्या वंशावळीत लेकींच्या चौकटी नाहीतच, फक्त मुलगे आहेत.

या खटाटोपात आणखी एक गोष्ट कळली, ती सांगायला हवी. जुन्या वहीत कारणाचा रकाना उघडा असतो म्हणून आज मिळणाऱ्या मृत्यू दाखल्यातही तो असेल असं मला वाटत होतं. तसं नाही. १९६९ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोंदवहीचा उतारा देताना मृत्यूचं कारण उघड करता येत नाही. अण्णांच्या दाखल्यावर नाव, तारीख, ठिकाण, नोंदणी क्रमांक आहे, कारण नाही. आजच्या माणसांचं कारण पुढच्या पिढीला हवं असेल तर दवाखान्याचे कागद जपून ठेवायला हवेत. आमच्याकडे अण्णांचे ठेवलेले नाहीत. ते कशाने गेले हे सांगणारी आता आत्याच आहे, आणि तिने सांगितलेलं मी त्याच दिवशी तारीख टाकून लिहून काढलं.

सगळं जमल्यावर छापील प्रती घेऊन आत्याकडे गेले. तिला मोडी येत नाही, पण तिने ती ओळ बोटाने उजवीकडून डावीकडे आणि परत अशी दोनदा चाचपली. दोन नावं दोघींची होती, हे तिच्या आधी लक्षात आलं, मग मला म्हणाली, “म्हणजे मी खोटं ऐकलं नव्हतं.”

भावाने आपल्या कागदांत १९१३ ची नोंद तशीच ठेवली आहे. पणजोबांच्या बायकोची ती नोंद खरीच आहे, त्याच्या कामाला चालते. वंशावळीत आता पणजोबांच्या शेजारी तीन चौकटी आहेत. पहिलीत नाव आणि १९१३. दुसरीत माहेरचं नाव, सासरचं नाव माहीत नाही असा शेरा, आणि ‘१७ ते २१ ऑक्टोबर १९१८ च्या दरम्यान, माहेरी, ताप (मानमोडी)’. तिसरीत सावत्र आजी.

दुसऱ्या चौकटीखाली अण्णा आहेत आणि अण्णांच्या शेजारी एक नवी चौकट. आत्याने विचारलं, तिथे काय लिहिलंस. वहीत होतं तेच लिहिलं होतं: मुलगी, वय ३ दिवस.